बीडाची टाकी, तांब्याचा बंब आणि मागचं दार

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी निघते आणि एकेक चाळ, एकेक वाडा पाडायला घेतला जातो. सागवानी खांबांना, कोरीव चौकटींना, पितळी कड्यांना गिऱ्हाईक मिळतं. संडासाला कोणी विचारत नाही. बीडाची टाकी भंगारात किलोवर जाते, चिनी मातीचं भांडं राडारोड्यात जातं. या दोन वस्तूंचं मला विलक्षण आकर्षण आहे आणि त्या अशा नाहीशा होताना पाहून जीव हळहळतो.

आधी टाकी पाहू. डोक्याच्या वर, भिंतीत ठोकलेल्या घोडीवर बसवलेली, बाजूला साखळी लोंबणारी. तिच्या पोटात एक उभी नळी असते आणि नळीवर पालथी घातलेली जड बीडाची घंटा. साखळी ओढली की घंटा उचलली जाते, सोडली की खाली आदळते. तिच्याखाली अडकलेलं पाणी नळीच्या तोंडावरून आत पडतं, पडताना नळीतली हवा ओढून नेतं आणि त्या ओढीने मागची सगळी टाकी एका दमात रिकामी होते. तळाला झडपच नसल्यामुळे ती झिजून पाणी ठिबकत राहण्याचा प्रश्न नाही. इंग्लंडात या टाकीला ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’, म्हणजे पाण्याची नासाडी रोखणारी, असं नाव होतं. आपल्याकडच्या जुन्या टाक्या बहुधा साडेबारा लिटरच्या. आजची टाकी पूर्ण दाबाला 6 आणि अर्ध्या दाबाला 3 लिटर सोडते. तरीही त्या घंटेइतकी साधी आणि टिकाऊ रचना माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

भांड्याखालच्या वाकड्या नळीचं मोल तर टाकीहून मोठं. 1775 साली अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने तिचं पेटंट घेतलं. वाकात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वायू घरात येऊ शकत नाही, एवढीच युक्ती. आजचा प्लंबर ‘एस ट्रॅप’ किंवा ‘पी ट्रॅप’ मागतो, तो याच कल्पनेचा वंशज. पुढे हेन्री डोल्टनने 1846 पासून मिठाची झिलई दिलेले मातीचे गटारनळ मोठ्या प्रमाणावर बनवले. ट्वायफर्ड या इंग्लिश कारखानदाराने 1880 च्या दशकात अखंड चिनी मातीचं भांडं आणलं, त्यामुळे भांड्याभोवतीची लाकडी पेटी गेली आणि तिच्याआड साचणारी घाणही. जुन्या भांड्यांवर अशा विलायती कारखान्यांचे निळे-काळे शिक्के शोधण्यात छंदिष्टांचा जीव रमतो. स्वातंत्र्यानंतर माल इथेच होऊ लागला. 1960 मध्ये ‘हिंदुस्थान ट्वायफर्ड्स’ स्थापन झाली. ‘एच अँड आर जॉन्सन’ ही टाइल्सची कंपनी त्याआधीच, 1958 मध्ये भारतात उभी राहिली होती. तिचा कारखाना आपल्या ठाण्यात होता.

पण साखळी ओढायला वर पाणी हवं, आणि आपल्या भागाची खरी कथा तिथे आहे. ठाण्याला नळाचं पाणी आधी पोखरण तलावातून मिळालं. पोखरण रोडवरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? 1892 मध्ये शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पुरं झालं, पण ते पाणी मुंबईसाठी होतं. ठाणे जिल्ह्याच्या जमिनीवरून जाडजूड जलवाहिन्या गेल्या आणि कल्याण-डोंबिवलीची घरं मात्र दीर्घकाळ आडाच्या पाण्यावर राहिली. न्हाणीघरातला तांब्याचा बंब हीच त्या घरांची उंची सामग्री. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. काही बंबांत नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. बंब शोभेला दिवाणखान्यात जाऊन बसला, म्हणून तो वाचला.

संडासाचं तसं नव्हतं. पाणी नाही, गटार नाही, म्हणजे टोपलीचा संडास. उंच जोत्यावर बसायची जागा, खाली टोपली किंवा डबा आणि मागच्या बोळात उघडणारं एक बुटकं दार. घरातली माणसं पुढून येत, मैला उचलणारी व्यक्ती मागून. मुंबईच्या जुन्या इमारतींना मागच्या अंगाला असलेले गोल लोखंडी जिनेही सफाई कामगारांसाठीच होते. जातिव्यवस्था दगड-विटांत आणि लोखंडात अशी बांधून काढलेली होती. जुन्या प्लंबिंगवर प्रेम करणाऱ्याने या दाराकडे पाठ फिरवली, तर त्याचा छंद खोटा.

ते दार बंद व्हावं म्हणून झटलेल्यांची नावं महाराष्ट्राने जपायला हवीत. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं म्हणून उपोषण केलं आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचं सोनखत करणारा ‘गोपुरी संडास’ घडवला. मुंबई सरकारने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सफाई कामगारांच्या हालांची चौकशी केली. टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा व्हायला मात्र 1993 उजाडलं. त्यासाठी संसदेकडे ठराव पाठवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. 2013 च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेविना माणूस उतरवण्यावर बंदी घातली. तरीही अशा टाक्यांत माणसं गुदमरून मरतात, हे लिहिताना आजही संताप येतो.

याच सेप्टिक टँकचा एक विलक्षण प्रयोग आपल्या शेजारी झाला होता. 1897 च्या सुमारास माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून वापरला गेला. जगभरचे बायोगॅसचे इतिहास त्याची नोंद घेतात. माटुंग्यात राहणाऱ्यांनाही ही गोष्ट क्वचितच माहीत असते.

दिल्लीत बिंदेश्वर पाठकांनी 1992 मध्ये ‘सुलभ’ या आपल्या स्वच्छता संस्थेचं शौचालय संग्रहालय उभारलं. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये शौचकूपांचं स्वतंत्र दालन आहे. जपानमध्ये टोटो कंपनीने किताक्युशूत 2015 मध्ये आपलं संग्रहालय उघडलं. रायगडावर राणीवशाच्या महालांना जोडून शौचकूप बांधणाऱ्या आपल्या मुलखात असं एकही दालन असू नये, हे मला पटत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या एखाद्या वास्तूतली एक खोली यासाठी द्यावी. तिथे बीडाची टाकी असावी, शिक्क्याचं भांडं असावं, शिसं ओतून सांधलेल्या नळाचा तुकडा असावा. सर्वांत दर्शनी जागा मात्र त्या बुटक्या दाराला, चौकटीसकट, मिळावी. शेजारी ते काम पिढ्यान्‌पिढ्या करावं लागलेल्या कुटुंबांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लावाव्यात.

खोली मिळेपर्यंत एवढं आपल्या हातात आहे. तुमची चाळ किंवा वाडा रिकामा करायची वेळ आली, तर मुकादमाला एक दिवस थांबवा. टाकीवरची उठावाची अक्षरं खडूने घासून वाचा, भांड्याच्या शिक्क्याचा फोटो घ्या, मागच्या बोळाचा नकाशा कागदावर काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या बोळात कोण येत असे, ते विचारून लिहून ठेवा आणि ते कागद जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.