दुसऱ्या मंगळवारचं ठिगळ

मी कॉम्प्युटरवाला असल्याचं कळलं की मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी हटकून विचारतं, "अहो, ते यंत्र सारखं अपडेट करा, अपडेट करा म्हणून मागे लागतं, ते खरंच करायला हवं का हो?" मध्यंतरातल्या चहाच्या वेळात याचं उत्तर 'हो' एवढंच देता येतं. पण ते का करायचं, आणि इतकं सोपं असूनही मोठमोठ्या कंपन्यांना ते वेळेवर का जमत नाही, हे सांगायला थोडी जागा लागते.

मंगळवार, २७ जून २०१७ ची गोष्ट. न्यू जर्सी टर्नपाइकवरून नुअर्क विमानतळाजवळून जाताना ज्या उंच क्रेन दिसतात, ते एलिझाबेथचं बंदर. त्या दिवशी तिथल्या एपीएम टर्मिनलचं काम बंद पडलं आणि कंटेनरच्या ट्रकांचा खोळंबा झाला. तिकडे उरणजवळ न्हावा-शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या 'गेटवे टर्मिनल्स इंडिया'च्या धक्क्यावरही तीच अवस्था. दोन्ही धक्के चालवणारी कंपनी एकच, डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. आणि दुखणंही एकच, 'नॉटपेट्या' नावाचा प्रोग्रॅम. मर्क ही न्यू जर्सीची औषध कंपनीही त्याच दिवशी त्यात सापडली. मर्स्कने आपला तोटा २० ते ३० कोटी डॉलरचा सांगितला.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की नॉटपेट्याने एका विंडोज यंत्रातून दुसऱ्यात शिरायला जे भोक वापरलं, ते बुजवणारं ठिगळ, म्हणजे पॅच, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. तब्बल साडेतीन महिने आधी.

हे भोक म्हणजे नेमकं काय? एक जुनं आणि समजायला सोपं उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ चं आहे. तेव्हा विद्यापीठांतल्या युनिक्स यंत्रांवर 'फिंगर' नावाची एक साधी सोय होती. अमुक माणूस सध्या यंत्रावर बसला आहे का, एवढं दुसऱ्या गावच्या यंत्राला विचारायची. प्रश्न उतरवून घ्यायला प्रोग्रॅममध्ये ५१२ अक्षरांची जागा राखली होती. प्रश्न त्याहून लांब आला तर काय, हे तपासायचं मात्र राहून गेलं होतं. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याच्या प्रोग्रॅमने ५३६ अक्षरं पाठवली. जादा अक्षरं शेजारच्या जागेत सांडली. तिथे यंत्राने हे काम संपल्यावर पुढे कुठे जायचं, तो पत्ता लिहिलेला असतो. तो पुसला गेला, नवा आला, आणि व्हॅक्स बनावटीची यंत्रं परक्याच्या सूचना इमानेइतबारे पाळू लागली.

दुरुस्ती ओळभराची होती: अक्षरं मोजून घ्या. बर्कलीच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त्या पाठवायला सुरुवातही केली. पण घाबरून अनेकांनी आपली यंत्रं नेटवर्कवरून काढून घेतली होती, त्यामुळे औषध निघालं तरी रोग्यापर्यंत पोचेना. म्हणून त्याच महिन्यात पिट्सबर्गला (आपण बालाजीच्या दर्शनाला जातो तेच गाव) कार्नेगी मेलनमध्ये 'सर्ट' हे केंद्र उभं राहिलं. कुठे काय भोक सापडलं आणि ते कसं बुजवायचं, हे सगळ्यांना कळवणारं.

एवढ्या वर्षांत अशा चुका संपल्या असतील असं वाटेल. तसं झालं नाही. २०१७ चं ते विंडोजमधलं भोकही मापाच्या हिशोबातल्या चुकीचंच होतं. लाखो ओळींच्या कोटाला कुठेतरी एक टाका सुटलेला असतोच, आणि तो शोधायला आता पगारी माणसं बसलेली असतात, दोन्ही बाजूंना.

आता सामान्य माणसाला सहसा न सुचणारा मुद्दा. गोधडीला ठिगळ लावलं की विषय मिटतो. संगणकाचं ठिगळ जाहीर झालं की विषय सुरू होतो. कारण जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं हे पाहिलं, की भोक कुठे होतं ते कोणालाही कळतं. म्हणजे ज्यांनी ठिगळ लावलेलं नाही, त्यांच्या घराचा नकाशाच चोराच्या हाती पडतो. १६ जुलै २००३ ला विंडोजचं एक ठिगळ निघालं, आणि ११ ऑगस्टला 'ब्लास्टर' हा किडा त्याच भोकातून जगभर पसरला. सव्वीस दिवस. २०१७ मध्ये तर नकाशा काढायचीही गरज पडली नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःसाठी बनवलेलं हत्यारच चोरीला गेलं आणि १४ एप्रिलला इंटरनेटवर उघड झालं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने ब्रिटनची सरकारी इस्पितळं ठप्प केली, हजारो रोग्यांच्या भेटी रद्द झाल्या. आणि तरीही जूनमध्ये एलिझाबेथ आणि न्हावा-शेवा!

लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. ब्लास्टरच्या वर्षीच, ऑक्टोबर २००३ पासून, मायक्रोसॉफ्टने ठिगळांसाठी दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवला. सिअॅटलकडे सकाळचे दहा वाजले की आमच्या ईस्ट कोस्टवर एक, आणि पुण्याच्या टीमकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा. मी ज्या सर्व्हर विभागात बरीच वर्षं काढली, तिथे मंगळवारी यादी यायची, बुधवारी चार चाचणी यंत्रांवर प्रयोग, आणि रविवारी पहाटे दोनला खरी यंत्रं, तीही कारखान्याच्या मॅनेजरने परवानगी दिली तर. तिमाहीअखेर असेल तर ती मिळायची नाही. त्याचंही चुकत नव्हतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, विमानतळांवर माणसं अडकली. चोर आला तर येईल, ठिगळाने यंत्र अडलं तर आत्ताच अडेल, हा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. वायटूकेच्या निमित्ताने आपल्यातले कितीतरी जण या देशात आले. त्या संकटाची तारीख तरी पंचांगात लिहिलेली होती. इथे ती नसते, म्हणून पैसे आणि वेळ मागणं अवघड जातं.

आणि नॉटपेट्याला एक भोक पुरेसं होतं. आत शिरल्यावर तो यंत्राच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर ठिगळ लावलेल्या यंत्रांतही घुसायचा. शंभरातली नव्याण्णव यंत्रं नीट असून भागत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे तो पहिल्यांदा आला तो युक्रेनमधल्या 'एम-ई-डॉक' या हिशोबाच्या प्रोग्रॅमच्या अधिकृत अपडेटमधून! कंपनीचा अपडेट सर्व्हरच हल्लेखोरांनी ताब्यात घेतला होता. मर्स्कला पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यासाठी लागणारी मुख्य यादी वाचली होती ती फक्त घानामधल्या एका यंत्रावर, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. भारतातल्या लोडशेडिंगला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

घरी आपल्याला कारखाना चालवायचा नाही, मॅनेजरची परवानगी नको. तेव्हा आपोआप होणारी अपडेट्स चालू ठेवा आणि रात्री यंत्राला रीस्टार्ट होऊ द्या. रीस्टार्ट होईपर्यंत बरीचशी ठिगळं नुसती खिशात असतात. ठिगळ द्यायला फोन करून कोणी येत नाही. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा, तो मराठीत बोलला तरी.

पुढच्या भारतवारीत आईवडिलांच्या पीसीवर 'विंडोज अपडेट'चं पान एकदा उघडून बघा. विंडोज १० ची नेहमीची फुकट ठिगळं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि तेच यंत्र कदाचित त्यांचं बँकेचं काम करत असेल. विंडोज ११ त्यावर चालत नसेल, तर बँकेपुरता तरी चालू अपडेट्स मिळणारा फोन वापरायला सांगा. मग राउटरकडे वळा. तोही छोटा संगणकच आहे, त्यालाही ठिगळं लागतात. पडदा नसल्यामुळे बिचारा कुरकुर करत नाही, इतकंच.