मक्याचा एकरी उतारा आणि खरा हिशेब



खोडवा निघाला की पुढच्या लागणीआधी मका करणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने मर्यादा आणल्या. त्या ऑगस्ट २०२४ मध्ये उठल्या खऱ्या, पण तोवर मक्याचा भाव पारावरच्या गप्पांत येऊन बसला होता. आता "तुझा एकरी किती?" हा प्रश्न उसाइतकाच मक्यालाही विचारतात, आणि ज्याचा आकडा लहान तो अडाणी ठरतो. आम्हांस हे पटत नाही.

मुळात आकडाच तपासावा. ३० क्विंटल मका काट्यावर २२ टक्के ओलीचा गेला, तर १४ टक्के ओलीला तो २७ क्विंटलांच्या थोडा वर भरतो. पावणेतीन क्विंटल नुसते पाणी! क्षेत्राचेही तसेच. सातबारावर एकर असतो. बांध, पाट नि विहीर सोडली की पेरा ३५ गुंठ्यांचा निघतो. रानात मधोमध १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा आखून तेवढाच मका वेगळा मोडावा, वाळवून मळावा, तोलावा आणि ४० ने गुणावे. हा तुकडा गुंठ्याच्या जवळपास भरतो. तुकडा चांगलाच बघून निवडू नये, एवढी मात्र विनंती.

आता कार्यक्षमतेकडे वळू. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ एम. जे. फॅरेल यांनी १९५७ साली तिचे माप सुचविले. शेतकऱ्याची तुलना पुस्तकातल्या आदर्शाशी न करता, तेवढेच बी, खत, पाणी, मजुरी घालणाऱ्यांतल्या सर्वांत सरस शेतकऱ्याशी करायची. तो ३० काढतो आणि आपण २४, तर आपण ८० टक्के. पण तो ३० वाला खताचा शेवटचा हप्ता टाकून जेवढा मका वाढवितो त्याहून खताचा खर्चच जास्त असेल, तर उतारा मोठा असूनही त्याचा पैसा वाया जातो. फॅरेल यांनी या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. उसाचे टनेज वेगळे नि साखर उतारा वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

राहिले नशीब. २०१८ साली लष्करी अळी आली तेव्हा मेहनती शेतकऱ्याच्या मक्याचेही पोंगे खाल्ले गेले. तो दोष त्याचा कसा? १९७७ साली अर्थशास्त्रज्ञांनी पाऊस-किडीचा वाटा आणि शेतकऱ्याच्या कामातली उणीव निरनिराळी काढण्याची रीत बसविली, ती याचसाठी. तीही शेकडो शेतांचे आकडे असतील तरच चालते. आणि पाटाच्या टेलला ज्याची पाळी चुकते, त्याला मुखाशी असणाऱ्याच्या पंगतीत बसवून मोजाल तर पाण्याची तूट त्याच्या नावावर आळस म्हणून चढेल. अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ सालीच लिहिले होते की, गरीब शेतकरी हाताशी असलेली साधने बहुधा नीटच वापरतो. त्याच्याकडे साधनेच तुटपुंजी असतात.

तेव्हा तुलना करायची तर एकाच चारीवरच्या, एकाच आठवड्यात पेरा झालेल्या पाच-सात जणांनी वह्या घालाव्यात. घरच्या बायकांची खुरपणी नि सोलणी बाहेरच्या मजुरीच्या दराने लिहावी. बहुतेक हिशेबांत ती फुकट धरलेली असते. आणि दावणीला जनावरे असतील तर वैरणीची किंमत जमेला धरायला विसरू नये.