परकी भाषा आणि परका माणूस

भाषा येणे म्हणजे केवळ बिनचूक वाक्ये रचता येणे नव्हे, तर कोणाशी, केव्हा आणि कोणत्या रीतीने बोलावे याचे भान असणे, हा विचार अमेरिकन अभ्यासक डेल हाइम्स यांनी 1972 च्या निबंधात मांडला, आणि 1997 मध्ये ब्रिटिश अभ्यासक मायकेल बायरम यांनी त्याला आंतरसांस्कृतिक क्षमतेची जोड दिली. वेगळ्या रीतिभातीत वाढलेल्या माणसाचे वागणे त्याच्या बाजूने समजून घेणे आणि त्याच वेळी स्वतःच्या रीतींकडेही चिकित्सकपणे पाहणे, असा तिचा आशय आहे. इंग्रजाची हुबेहूब नक्कल हे बायरम यांच्या मते शिकणाऱ्याचे ध्येयच नव्हे.

चीनमधील विद्यापीठांत या क्षमतेची उणीव विशेष जाणवते. तेथे पाहुण्याने खाण्यापिण्याला एकदोनदा नको म्हणावे आणि यजमानाने पुन्हा आग्रह करावा, ही जुनी रीत आहे. महाराष्ट्रातल्या पंगतीत वाढलेल्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या रीतीत वाढलेला चिनी विद्यार्थी इंग्लंडमधील घरी संकोचाने, पण शुद्ध इंग्रजीत, नको म्हणतो तेव्हा यजमान तो नकार खरा मानून ताट उचलतो आणि पाहुणा उपाशी राहतो. व्याकरणाची चूक ऐकणारा भाषेच्या कच्चेपणावर सोडून देतो, पण अशी चूक मात्र माणसाच्या स्वभावाच्या खाती जमा होते, हे भाषाभ्यासक जेनी थॉमस यांचे 1983 मधील निरीक्षण म्हणूनच फार मोलाचे आहे.

उणिवेची दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. चिनी विद्यार्थी इंग्रजी बोलू लागताच स्वतःच्या संस्कृतीविषयी मुके होतात, असे नानजिंग विद्यापीठातील त्सुंग त्सुंग यांनी 2000 मध्ये दाखवून दिले. 1987 पासून चालत आलेल्या चौथ्या स्तराच्या राष्ट्रीय इंग्रजी परीक्षेत 2013 च्या अखेरीस चिनी इतिहास, संस्कृती आणि समाजजीवनावरील उताऱ्यांचे भाषांतर आले, तर अध्यापनाच्या 2020 च्या मार्गदर्शिकेने आंतरसांस्कृतिक संवादाला विद्यापीठीय इंग्रजी अभ्यासक्रमाचा स्वतंत्र भाग मानले. ही पावले स्वागतार्ह खरी, परंतु भाषांतराचे उतारे पाठ करून येतात, आणि परक्याविषयीचे कुतूहल किंवा घाईने मत न बनवण्याची सवय गुणपत्रिकेत मावत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याने परदेशी समवयस्काशी प्रत्यक्ष बोलावे, कोठे गैरसमज झाला ते स्वतः टिपून ठेवावे आणि शिक्षकाने त्या टिपणावर त्याच्याशी चर्चा करावी; पण हे मोठ्या वर्गांत आणि परीक्षेच्या धाकाखाली आजही क्वचितच घडते.