बावीस मशीन, एक इनिटआरडी आणि अडकलेलं पेमेंट

जुने कॉम्प्युटर घेऊन, दुरुस्त करून विकायच्या धंद्यावर आपण व्हिडिओ केला होता. त्यात मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की वीस मशीनवर एकदम लिनक्स टाकता येतं, समोर बसावंही लागत नाही. ते खरंच आहे, पण चालू झालं तर. चालू नाही झालं तर काय करायचं, ते व्हिडिओत बसलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे भरपूर चांगली मशीन "जुनी" ठरली. क्लास, छोटी ऑफिसं आता लिनक्सला नाही म्हणत नाहीत. सात रस्त्यावरच्या माझ्या दुकानात डिसेंबरात अशीच एका क्लासची बावीस मशीनची ऑर्डर आली. अर्धे पैसे आधी, अर्धे सगळी मशीन चालू करून दिल्यावर. सोमवारी त्यांची बॅच सुरू होणार होती. मी शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून स्विच लावला, सगळ्यांना नेटवर्कवरून बूट केलं आणि चहाला गेलो. परत आलो तर बावीसच्या बावीस स्क्रीनवर एकच पाटी, की कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत, पुढे जायचं का?

हे समजायला आधी एवढं लक्षात घ्या. नेटवर्कवरून बूट होणारं मशीन पहिल्यांदा डीएचसीपीकडून पत्ता घेतं, मग टीएफटीपीवरून दोन फायली ओढतं. एक कर्नल, दुसरी इनिटआरडी. कर्नल म्हणजे कारागीर समजा. त्याची सगळी हत्यारं गोडाऊनमध्ये आहेत आणि गोडाऊनला कुलूप आहे. इनिटआरडी ही त्याच्या खांद्यावरची छोटी पिशवी. गोडाऊन उघडण्यापुरतं सामान तिच्यात असतं, म्हणजे नेटवर्क कार्ड, डिस्क वगैरेचे ड्रायव्हर आणि इन्स्टॉलरची सुरुवात. ही पिशवी मशीनच्या रॅममध्येच उघडली जाते. पिशवी चुकली की कारागीर दारातच उभा.

माझं काय चुकलं होतं? मी डेबियन वापरतो. (सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं आहे.) कर्नल आणि इनिटआरडीची जोडी मी ऑगस्टात उतरवून ठेवली होती आणि तीच वापरत होतो. पण नेटबूटचा इन्स्टॉलर बाकीचे मॉड्यूल इंटरनेटवरच्या साठ्यातून आणतो. डेबियनची साधारण दोन महिन्यांनी पॉइंट रिलीज येते, त्यात कर्नल बदलला की साठ्यात नव्या कर्नलचे मॉड्यूल येतात. माझी पिशवी जुन्या कर्नलची, साठा नव्याचा. उपाय दहा मिनिटांचा निघाला, दोन्ही फायली एकाच फोल्डरमधून नव्याने उतरवायच्या. पण तो कळायला मला रात्रीचे दोन वाजले, कारण घाईत मी आधी फक्त इनिटआरडी नवी टाकली आणि कर्नल जुनाच ठेवला. जोडी म्हणजे जोडी. चपलेसारखं, एक नवी एक जुनी चालत नाही.

आता तुमच्याकडे अडलं तर पहिला प्रश्न स्वतःला विचारा: सगळीकडे अडतंय की एकाच मशीनवर? सगळीकडे अडलं तर फाईल किंवा सेटिंग, एकावरच अडलं तर बहुतेक ते मशीन. या एका प्रश्नात निम्मं काम होतं.

मग स्क्रीन नीट वाचा. "कर्नल पॅनिक" येऊन रूट फाईल सिस्टीम माउंट होत नाही आणि शेवटी "अननोन ब्लॉक शून्य, शून्य" दिसलं, तर बहुतेक वेळा कर्नलला इनिटआरडी मिळालेलीच नसते. बूट मेनूत नाव तपासा. लिनक्सला मोठी-छोटी अक्षरं वेगळी असतात, आणि पाथमधला एक स्लॅशही पुरतो. "इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड" आलं तर पिशवी आली, पण उघडली नाही. फाईल अर्धवट उतरली असेल. डेबियन फायलींसोबत एसएचए २५६ चे आकडे देतं, ते जुळवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आकडे जुळले आणि तरी एकाच मशीनवर हे येत असेल तर रॅमवर संशय घ्या.

पिशवी उघडली, इन्स्टॉलर दिसला, पण नेटवर्क कार्ड सापडत नाही म्हणाला, तर दोन शक्यता. कार्ड कर्नलपेक्षा नवं आहे, किंवा त्याला फर्मवेअर हवंय. डेबियन १२ पासून (जून २०२३) अधिकृत सीडी-पेनड्राइव्हच्या इमेजमध्ये फर्मवेअर असतं, पण नेटबूटच्या इनिटआरडीत नसतं. ते डेबियन वेगळ्या सीपीआयओ फाईलमध्ये देतं. ती कॅट कमांडने इनिटआरडीच्या शेपटीला जोडायची. कर्नल दोन्ही एकामागून एक उघडतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खोटंच वाटलं होतं. डिस्क दिसत नसेल तर आधी बायोसमध्ये जा. स्टोरेज "रेड" मोडवर असेल तर "एएचसीआय" करा. मात्र त्यावर गिऱ्हाइकाचं विंडोज ठेवायचं असेल तर हात लावू नका, ते उठणार नाही.

आणि अंदाज बांधत बसू नका. साध्या टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये आल्ट आणि एफ४ दाबलं की लॉग दिसतो, एफ२ ला शेल मिळतं. (गिऱ्हाईक शेजारी बसणार असेल तर ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीतही चालतो. टेक्स्टवाल्यात मराठी नाही.)

रविवारी दुपारपर्यंत एकवीस मशीन झाली. बाविसावं मात्र दर वेळी अनपॅकिंगवरच मरत होतं. रॅमची पट्टी काढली, सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तरी तेच. शेवटी पट्टी बदलली, ती माझ्या खिशातून, कारण कोटेशनमध्ये सुट्या भागांचं काहीच लिहिलं नव्हतं.

आता कोटेशनमध्ये रॅमची वेगळी ओळ असते. मालाच्या प्रत्येक मॉडेलचं एक मशीन दोन दिवस आधी पूर्ण इन्स्टॉल होऊन, रीबूट होऊन लॉगिनपर्यंत गेल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला तारीख देत नाही. फायलींच्या फोल्डरच्या नावातच उतरवल्याची तारीख असते. क्लासवाल्यांनी राहिलेले पैसे मंगळवारी दिले.