यकृताचा एमआरआय : यंत्राच्या क्षमतेइतकेच श्वासालाही महत्त्व

नवी दिल्ली : करोल बागजवळील पुसा रस्त्यावरचे बीएलके-मॅक्स आणि राजेंद्र नगरातील सर गंगाराम या रुग्णालयांत यकृत प्रत्यारोपण केले जाते. यकृताच्या तपासणीत एमआरआयचे स्थान मोलाचे आहे. मात्र प्रतिमेची स्पष्टता केवळ यंत्राच्या क्षमतेवर ठरत नाही.

टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक आहे. १.५ ऐवजी ३ टेस्लाच्या यंत्रात संकेत वाढतो व बारीक तपशील टिपता येतात. परंतु रुग्णाच्या पोटात पाणी साठले असल्यास ३ टेस्लाच्या प्रतिमेत काळसर छटा उमटू शकतात. तेथे १.५ टेस्ला अधिक उपयुक्त ठरतो.

मोठा अडथळा श्वासाचा असतो. श्वासपटलाखालील यकृत प्रत्येक श्वासागणिक वर-खाली सरकते आणि प्रतिमा धूसर होते. म्हणून सुमारे १५ ते २० सेकंद श्वास रोखून जलद चित्रण करतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी श्वासाच्या लयीशी जुळवलेले चित्रण असते. त्यास वेळ अधिक लागतो. 'रेडियल' पद्धतीत मोकळ्या श्वासातही हालचालीचा दोष कमी राहतो.

सिरॉसिसच्या रुग्णांसाठी ही निवड निर्णायक ठरू शकते. कर्करोगाची लहान गाठ कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर काही सेकंदच उजळते. त्याच वेळी प्रतिमा हलली, तर गाठ नजरेतून निसटण्याचा धोका असतो. त्यामुळे श्वास रोखणे कठीण जात असल्यास तंत्रज्ञाला आधीच सांगणे हिताचे.