हंडा भरतानाचा सूर, पत्र्यावरचा ठेका : लहानग्यांचे कान तयार करूया

मुलाला गाणे शिकवायचे म्हटले की डोळ्यांसमोर क्लास, फी आणि पेटी येते. मग 'आपल्याला कुठे परवडणार' म्हणून विषय तिथेच संपतो. पण सहा वर्षांच्या आतल्या मुलाला आधी वाद्य लागत नाही, ऐकायची सवय लागते. ऐकण्याचे सगळे सामान वस्तीत फुकट आहे : पाऊस, वारा, पाणी, पाखरे, वाळलेली पाने. आम्ही आरोग्याच्या कामासाठी वस्त्यांत फिरतो, म्हणून या खेळांकडे दोन बाजूंनी पाहतो. आवाजाच्या खेळातून मूल संगीताची पहिली पायरी चढते आणि त्याचे कान नीट चालतात का, हेही घरच्यांच्या लक्षात येते.

आधी कान, मग जीभ

बाळ आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाज ऐकू लागते. जन्मानंतर कित्येक महिने ते फक्त ऐकते आणि मग बोलते. 'त' आणि 'ट', 'पाट' आणि 'भात' यांतला फरक आधी कानाला कळावा लागतो, तेव्हा तो जिभेवर येतो. संगीतातही हेच आहे. आवाज उंच की खालचा, मोठा की बारीक, सावकाश की जलद, कशाचा आणि कुठून आला, एवढे ओळखता आले की सूर आणि ताल शिकायला पाया तयार होतो.

घरातले चार खेळ

पाण्याचा खेळ : नळाखाली हंडा लावला की सुरुवातीला आवाज खालचा असतो आणि हंडा भरत जातो तसा चढत जातो. आत हवेची जागा कमी होते म्हणून असे होते. आपण बायका कामात असतानाही हंडा भरत आल्याचे कानाने ओळखतो. तेच मुलाला दाखवा. आवाज चढला की हात वर न्यायला सांगा. सूर चढणे म्हणजे काय, ते शब्दांवाचून कळते.

पावसाचा खेळ : पत्र्यावर आधी टप… टप… मग टपटपटप, मग नुसती झोड. मुलाला त्या वेगाने मांडीवर बोटे वाजवू द्या. पाऊस ओसरला की बोटेही सावकाश. हीच लय. पुढे हलगी किंवा ढोलकी हातात आली की हे बोटांना आठवते.

पाखरांचा खेळ : पिंपळावर, वडावर 'टुक टुक टुक' असा एकसारखा ठोका ऐकू येतो. तो तांबट पक्षी. तांबट भांडे ठोकतो तसा आवाज, म्हणून हे नाव. त्याच्यासोबत टाळी धरायला लावा. उन्हाळ्यात कोकीळ ओरडतो तेव्हा त्याचा सूर चढत जातो, त्याची नक्कल करू द्या. तांबटाकडून ताल, कोकिळाकडून सूर. रात्री दिवे गेले की रातकिडे ऐका. तो आवाज पंख एकमेकांवर घासून येतो, हे सांगितले की मुले थक्क होतात.

शेंगांचा खेळ : गुलमोहराची वाळलेली शेंग हलवली की खुळखुळा होतो. दोन दगड, वाळकी पाने, करवंटी यांचे आवाज दाखवा. मग मुलाला पाठ फिरवून बसवा आणि काय वाजले ते ओळखायला सांगा.

रोज दहा मिनिटे पुरतात. टीव्ही आणि मोबाईल तेवढा वेळ बंद ठेवा. 'चुकलास' म्हणू नका, 'पुन्हा ऐकू या' म्हणा. खेळ मोठ्यांसमोरच खेळा, कारण बिया, खडे नाका-कानात किंवा घशात जाऊ शकतात.

खेळात काही खटकले तर

पाठीमागून वाजवलेले ओळखता येत नाही, समोर पाहिल्यावरच कळते. एकाच बाजूचे ऐकू येते. सारखे 'काय?' विचारते. टीव्ही मोठा करते. अशा मुलाला आपण 'हट्टी', 'मंद' किंवा 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो. खरे तर सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचले तरी ऐकू कमी येते, आणि त्यावर इलाज आहे.

वयाचा अंदाज ठेवा. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवते. वर्षाचे मूल नावाने हाक मारली की पाहते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते. यांत उशीर दिसला तर 'त्याचे वडीलही उशिरा बोलले' म्हणून थांबू नका. लहान वयात निदान झाले तर मूल बोलायला शिकण्याची शक्यता जास्त.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा मुलांची मोफत तपासणी होते. त्यात कानही असतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि आपली शंका स्पष्ट सांगा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि वाचेची तपासणी होते.

कान सांभाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांमधील सुमारे 60 टक्के बहिरेपण टाळता येण्याजोगे आहे. म्हणून एवढे पाळा :

• कानात कोमट तेल, लसणाचे तेल, पिन, काडी काही घालू नका. मळ आपोआप बाहेर येतो.
• कान वाहू लागला तर तो कोरडा ठेवा आणि दवाखाना गाठा. 'कान फुटला, मोठेपणी बरा होईल' हे खरे नाही.
• कानात बी गेले तर पाणी घालू नका, बी फुगते. घरी काढायलाही जाऊ नका.
• बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नका.
• गोवर-रुबेलाची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत द्या. हे दोन्ही आजार कान घालवू शकतात.
• लग्न असो, मिरवणूक असो की आपली जयंती, तान्ह्या बाळाला डीजेच्या भिंतीजवळ नेऊ नका. कायद्याने रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

रविवारी विहारात मुले जमतातच. त्यातला पाव तास या खेळांना द्या. पिंपळाखाली डोळे मिटून बसवा आणि किती आवाज ऐकले ते मोजायला लावा. ज्या मुलाची मोजणी दरवेळी कमी पडते, त्याच्या आईशी शांतपणे बोला आणि तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत जा.