सस्पेन्शनच्या घरगुती दुरुस्तीनंतरचा आवाज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातल्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने विकसित केलेली ही रचना १९५०च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून बाजारात आली. तिच्यात शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा स्ट्रट तयार होतो. त्याचे वरचे टोक रबरी माउंटिंग आणि बेअरिंगमार्फत बॉनेटखालच्या पत्र्याला बसते. खालचे टोक नकलला, म्हणजे चाकाचे हब धरून ठेवणाऱ्या भागाला, बोल्टने जोडलेले असते. नकल बॉल जॉइंटने लोअर आर्मला जोडलेला असतो आणि लोअर आर्म रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला. डाव्या-उजव्या बाजूंना सांधणाऱ्या स्टॅबिलायझर बारची टोके लिंक रॉडने बांधलेली असतात.

रचना सोपी आहे आणि सुटे भाग सहज मिळतात, त्यामुळे शॉकअप, लोअर आर्म किंवा लिंक रॉड घरीच बदलणारे बरेच असतात. काम संपते, गाडी रस्त्यावर येते आणि पूर्वी नसलेली ठकठक किंवा करकर सुरू होते. या आवाजाविषयीच्या पुढील समजुतींमुळे वेळ आणि पैसा वाया जातो. काही समजुती तर धोक्याच्याही असतात.

गैरसमज: दुरुस्तीनंतर आवाज आला म्हणजे नवा भागच खराब निघाला.

वस्तुस्थिती: नवा भाग सदोष निघू शकतो, पण आधी जोडणी तपासावी. सर्वांत नेहमीची चूक स्ट्रटच्या वरच्या नटाची असते. नट फिरवताना शॉकअपचा दांडाही सोबत फिरतो. तो ॲलन की किंवा पान्याने धरून ठेवला नाही, तर नट आवळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात माउंटिंग सैलच राहते आणि प्रत्येक लहान खड्ड्यावर ठक असा आवाज येतो. वायसर आणि स्पेसर उलट क्रमाने बसवले तरी नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडतो आणि माउंटिंगवर दाब येत नाही. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या खाचेत नेमके टेकले नसेल, तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग अडकून एकदम सुटते आणि टणत्कार ऐकू येतो.

ज्या भागांना केवळ वाट करून देण्यासाठी हात लावला, त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ब्रेकचा होज आणि एबीएस सेन्सरची वायर स्ट्रटवरच्या ब्रॅकेटमध्ये परत अडकवली नाही, तर ती हिंदकळून आपटते. चाकाला किंवा आतल्या बाजूला घासली, तर तुटूही शकते. डिस्कमागचा पातळ पत्रा हाताच्या दाबानेही वाकतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला डिस्कला घासतो. ब्रेक पॅडची क्लिप बसवायची राहिली, तर पॅड खडखडतात. स्ट्रट सोडल्यावर नकल बाहेर कलंडू दिला, तर ॲक्सलचा आतला सांधा ताणला जाऊन जागेवरून निसटू शकतो. मग वेग घेताना गचके आणि थरथर जाणवते. कधी कधी या सगळ्यांशी संबंध नसलेले कारण निघते: कामासाठी काढलेला जॅक आणि टॉमी डिकीत नुसतेच टाकून दिलेले असतात. म्हणून शोधाची सुरुवात डिकी रिकामी करून एक चक्कर मारण्याने करावी.

गैरसमज: आवाज जिथून ऐकू येतो, दोष तिथेच असतो.

वस्तुस्थिती: गळक्या स्लॅबचे पाणी जिथे टपकते तिथेच भेग असेल असे नाही, आवाजाचेही तसेच आहे. तो पोलादी सांगाड्यातून प्रवास करतो आणि पत्रा जिथे जास्त थरथरतो तिथून बाहेर पडतो. स्ट्रटच्या सैल माउंटिंगचा आवाज डॅशबोर्डखालून येतोसा वाटतो. डाव्या लोअर आर्मचा आवाज कधी उजवीकडे ऐकू येतो. म्हणून आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, याची नोंद जास्त उपयोगी पडते.

- उखडलेल्या रस्त्यावर, कमी वेगात हलकी आणि भराभर खडखड: लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश. रुंद गतिरोधकावरून दोन्ही चाके एकाच वेळी गेली, तर बारला पीळ बसत नाही आणि आवाज कमी होतो. एकच चाक खड्ड्यात गेले की तो वाढतो.
- ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच ठक: लोअर आर्मचे बुश, त्याचे बोल्ट किंवा सैल कॅलिपर.
- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर किंवा टणत्कार: स्ट्रटचे वरचे बेअरिंग किंवा स्प्रिंगची बैठक.
- स्टिअरिंग पूर्ण वळवून वेग घेताना टकटक: ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट.
- वेगासोबत चढत जाणारी घरघर: व्हील बेअरिंग किंवा असमान झिजलेला टायर.
- ब्रेक पेडलवर हलका पाय ठेवताच थांबणारी खडखड: ब्रेक पॅड किंवा कॅलिपर.

घरघरीच्या बाबतीत आणखी दोन कसोट्या आहेत. उजवे वळण घेताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर डाव्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पुढचे-मागचे टायर आपापसांत बदलल्यावर आवाजाची जागा किंवा स्वरूप बदलले, तर दोष टायरचा असतो.

गैरसमज: गाडी जॅकवर उचलून चाक हलवून पाहिले की सगळे कळते.

वस्तुस्थिती: उचललेल्या गाडीचे सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबकळते. रस्त्यावर चालताना ते या स्थितीत जवळजवळ कधीच नसते. त्यामुळे काही दोष उघड होतात, तर काही झाकले जातात. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली, तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासावा. डावी-उजवीकडे धरून जाणवली, तर टाय रॉड एंडही पाहावा. मॅकफर्सन रचनेत गाडीचे वजन स्ट्रटमधून जाते, खालच्या बॉल जॉइंटवर येत नाही, म्हणून तो चाक लोंबकळत असतानाही तपासता येतो. ज्या एसयूव्ही आणि पिकअपमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, तिथे मात्र आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक देऊन बॉल जॉइंटवरचा ताण काढावा लागतो. नाहीतर झिजलेला सांधाही घट्ट वाटतो.

लिंक रॉडचे उलट आहे. एकच बाजू उचलली, तर पिळलेला स्टॅबिलायझर बार लिंक रॉड ताणून धरतो आणि त्यातली ढिलाई लपते. दोन्ही बाजू सारख्या उंचीवर असतानाच तो हाताने हलवून पाहावा. टाय रॉड एंडची खात्रीची तपासणी चाके जमिनीवर असतानाच होते: एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवून झटका जाणवतो का ते पाहायचे.

कोणतीही तपासणी असो, केवळ जॅकच्या आधारावर उभ्या गाडीखाली शिरू नये. सपाट, कडक जमिनीवर जॅक-स्टँड लावणे आवश्यक आहे.

गैरसमज: सगळे बोल्ट गाडी वर असतानाच गच्च आवळून टाकावेत.

वस्तुस्थिती: घरगुती दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होते. लोअर आर्मच्या बहुतेक बुशांमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळ्यांना पक्के चिकटवलेले असते. आर्म हलतो तेव्हा नळ्या एकमेकींवर घसरत नाहीत, मधले रबर पिळले जाते. बोल्ट आवळताच आतली नळी त्या स्थितीत जखडली जाते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर तीच स्थिती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी खाली उतरली की रबर उभ्या गाडीतही पिळलेले राहते, आणि खड्ड्यावर त्याला मर्यादेपलीकडे पीळ बसतो. आधी कुरकुर सुरू होते, पुढे नवे बुश थोड्याच काळात फाटते आणि ठकठक लागते. पार्ट नकली निघाला असा निष्कर्ष अशा वेळी घाईने काढला जातो.

उपाय सोपा आहे. हे बोल्ट आधी नुसते बसवून घ्यावेत आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. त्यासाठी गाडी रॅम्पवर घ्यावी किंवा लोअर आर्मखाली जॅक देऊन सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणावे. चूक झालीच असेल, तर बोल्ट सैल करून वजनाखाली पुन्हा आवळावेत. रबर फाटले नसेल, तर तेवढ्याने आवाज थांबतो.

बोल्ट किती आवळायचा हेही ताकदीवर सोडता येत नाही. कमी आवळलेला बोल्ट छिद्रात सरकून ठक करतो. जास्त आवळलेल्याचे आटे जातात किंवा तो ताणला जातो. लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका टॉर्क सांगितलेला असतो. सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टचा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. टॉर्क रेंचने आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढली, तर तो नंतर फिरला का हे एका नजरेत कळते. एकदा वापरायचे लॉक-नट जुनेच परत लावू नयेत.

गैरसमज: तेल किंवा ग्रीस मारले की करकर जाते.

वस्तुस्थिती: खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. त्यामुळे आवाज काही दिवस दबतो, पण बुशचे आयुष्य घटते. वर सांगितलेल्या चिकटवलेल्या बुशांमध्ये घसरणारा पृष्ठभागच नसतो, तेव्हा वंगणाचा तिथे उपयोग नाही. स्टॅबिलायझर बारवरचे काही बुश मात्र बारवर घसरतात. तिथे उत्पादकाने सांगितले असेल तरच, आणि सिलिकॉन ग्रीसच, वापरावे. पॉलियुरेथेनचे बुश कोरडे बसवले तर कुरकुरतात. त्यांना त्यांचे स्वतःचे ग्रीस लावूनच बसवायचे असते.

शोधापुरता वंगणाचा एक उपयोग आहे. संशय असलेल्या एकाच रबरावर साधे पाणी मारावे. कुरकुर क्षणभर थांबली, तर जागा सापडली.

गैरसमज: व्हील अलाइनमेंट केले की आवाज थांबेल.

वस्तुस्थिती: अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवले जातात, सांध्यातली ढिलाई त्याने भरत नाही. तरीही स्ट्रट किंवा लोअर आर्म काढल्यावर ते करावेच लागते. स्ट्रट आणि नकल यांच्या बोल्टच्या छिद्रांत थोडी मोकळीक असते, त्यामुळे चाकाचा कल बदलतो. चाक आत-बाहेर वळलेले राहिले, तर टायर घासून झिजतात. आधी आवाजाचे कारण दूर करावे, मग अलाइनमेंट. सैल सांध्यावर जुळवलेले कोन टिकत नाहीत.

गैरसमज: कारण सापडेपर्यंत एकेक भाग बदलत जावे.

वस्तुस्थिती: बदललेला प्रत्येक भाग नवी जोडणी आणतो आणि तिच्यात नव्या चुकीला वाव असतो. भाग बदलण्याआधी त्याला तात्पुरते बाद करून पाहणे स्वस्त पडते. दोन्ही लिंक रॉड काढून, टोके कशाला लागणार नाहीत अशी बांधून, ओळखीच्या रस्त्यावर सावकाश चक्कर मारली आणि खडखड थांबली, तर दोष लिंक किंवा बारकडे आहे. या चाचणीत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून वेग कमी ठेवावा. वरच्या माउंटिंगसाठी बॉनेट उघडून एकाने तिथे बोटे टेकवावीत आणि दुसऱ्याने उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवावे. अडकलेले बेअरिंग हाताला कळते. प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदलावी आणि रस्ता तोच ठेवावा.

गैरसमज: नवे पार्ट ‘सेट’ झाले की आवाज आपोआप जातो.

वस्तुस्थिती: स्प्रिंग आणि रबर सुरुवातीला किंचित बसतात, म्हणून गाडीच्या उंचीत थोडा फरक पडू शकतो. ठकठक म्हणजे मात्र दोन भागांमध्ये जागा आहे. वापराने ती जागा वाढत जाते. काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि रंगाच्या रेघा पाहाव्यात.

काही लक्षणे दिसली, तर तपासणीसाठीसुद्धा गाडी चालवू नये: स्टिअरिंगमध्ये अचानक आलेली ढिलाई, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाणे, चाक डगमगणे, किंवा बॉल जॉइंट नकलमध्ये पूर्ण न बसल्याची शंका. अनेक गाड्यांत बॉल जॉइंटच्या दांड्यावर खाच असते आणि आडवा बोल्ट तिच्यातून जाऊन दांडा अडकवतो. दांडा पूर्ण आत गेला नसेल, तर बोल्ट नुसता दाबावर त्याला धरून ठेवतो. सांधा निसटला की चाक बाहेर कलंडते. अशी गाडी जागेवरच उचलून जोडणी पुन्हा पाहावी, किंवा टो करून गॅरेजमध्ये न्यावी. स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडण्याची वेळ आली आणि योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर हाताशी नसेल, तर तो भागही गॅरेजमध्येच उघडून घ्यावा. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर जीवघेणी इजा होऊ शकते.